प्रोस्टेटचा कर्करोग : शस्त्रक्रियेपूर्वी प्रसाराचा अंदाज

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण) 9, बायोप्सीत ग्लीसन (कर्करोगाच्या आक्रमकतेची श्रेणी) 3+4. रोग ग्रंथीतच असण्याची ‘शक्यता अधिक’ आहे, असे डॉक्टर म्हणतात. ते निश्चित का सांगत नाहीत? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : निश्चित उत्तर शस्त्रक्रियेत काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच मिळते. तोवर पीएसए, ग्लीसन आणि गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी ही तिन्ही एकत्र वाचावी लागतात; एकटा पीएसए फसवा असतो. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या ॲलन पार्टिन, पॅट्रिक वॉल्श आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये याच तिन्हींवरून तक्ते तयार केले. रोग ग्रंथीतच आहे, आवरणाबाहेर आला आहे, वीर्यकोशात शिरला आहे की लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) पोहोचला आहे, यांपैकी प्रत्येकाची शक्यता त्यांत मिळते. समजा तक्ता 70 टक्के म्हणाला, तर वडिलांसारखेच आकडे असलेल्या शंभरांपैकी सत्तर जणांत रोग ग्रंथीतच सापडला, एवढाच त्याचा अर्थ. वडील त्या सत्तरांत आहेत की तिसांत, हे तो सांगू शकत नाही. शिवाय हे तक्ते अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या रुग्णांवरून बनले आहेत, तर आपल्याकडे अनेक जण त्रास सुरू झाल्यावरच डॉक्टरांकडे येतात.

तरीही या अंदाजाला मोल आहे, कारण लिंगताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी लगटून जातात आणि त्या कोणत्या बाजूला वाचवता येतील, हे शल्यविशारद त्यावरून व एमआरआयवरून ठरवतो. ग्लीसनमधील आकड्यांचा क्रमही पाहावा : 3+4 आणि 4+3 यांची बेरीज सातच, पण 4+3 चा रोग अधिक आक्रमक. म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायला जाताना केवळ रिपोर्ट नव्हे, तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जतन केलेले बायोप्सीचे तुकडे) अवश्य न्यावेत.

प्रश्न : माझ्या पतीच्या पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी शरीरभर शोधणारा स्कॅन) प्रसार दिसला नाही. तरी लसिकाग्रंथी का काढायच्या? (वाचक, दादर)

उत्तर : हा स्कॅन जुन्या तपासण्यांपेक्षा नक्कीच सरस आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, अधिक जोखमीच्या रुग्णांत त्याची अचूकता 92 टक्के, तर सीटी व हाडांच्या स्कॅनची 65 टक्के आढळली. परंतु काही मिलिमीटरच्या गाठीत मोजक्याच पेशी असल्या तर त्या त्यातही दिसत नाहीत. म्हणून अंदाजित जोखीम मोठी असेल, तर स्कॅन स्वच्छ असूनही या ग्रंथी काढून तपासतात. त्यामुळे ओटीपोटात लसिकाद्रव साचणे, पायांना सूज येणे असे त्रास होऊ शकतात, तेव्हा ‘यांच्या लसिकाग्रंथींत रोग पोहोचल्याची जोखीम नेमकी किती?’ हे तुम्ही शस्त्रक्रियेआधी विचारायलाच हवे.

प्रश्न : लघवीच्या त्रासासाठी दोन वर्षे ड्युटास्टेराइड घेतो. पीएसए 4.5 आला. काही फरक पडतो का? (वाचक, गिरगाव)

उत्तर : फार पडतो. या औषधाने काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे तुमचा आकडा 9 च्या आसपास धरावा लागेल. पुढे बायोप्सी झाली आणि प्रसाराचा अंदाज बांधायची वेळ आली, तरी हाच दुरुस्त आकडा वापरला जावा, यासाठी प्रत्येक नव्या डॉक्टरांना हे औषध आठवणीने सांगावे.