फंक्शन लायब्ररीत असूनही लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे ते सापडत नाही, असं म्हणतो. एनएम, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइलमधल्या किंवा लायब्ररीतल्या नावांची यादी दाखवणारी कमांड, वापरून नेमकं काय बघायचं?

तुम्ही एनएमच्या आउटपुटमध्ये फंक्शनचं नाव ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) शोधलं, ते सापडलं, आणि तरी लिंक होत नाही. कारण नाव सापडणं पुरेसं नाही. त्याच्या अलीकडचं एक अक्षर बघायचं असतं.

एनएमच्या प्रत्येक ओळीत पत्ता, अक्षर आणि नाव असं येतं. कॅपिटल टी म्हणजे फंक्शनचा कोड याच फाइलमध्ये आहे आणि बाहेरच्यांनाही दिसतो. कॅपिटल यू म्हणजे इथे फक्त वापर आहे, कोड दुसरीकडून यायचाय. म्हणून त्या ओळीत पत्त्याची जागा रिकामी असते. तुमच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये यू आणि लायब्ररीत टी, अशी जोडी जुळली पाहिजे. लायब्ररीतही यूच दिसला, तर तिला स्वतःलाच ते फंक्शन कुठूनतरी हवंय. नुसत्या ग्रेपने फसायला होतं ते बहुतेक इथेच.

स्मॉल टी दिसला तर फंक्शन स्टॅटिक आहे, त्या फाइलबाहेर ते कुणाला मिळणार नाही. डी म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेला ग्लोबल डेटा, बी म्हणजे शून्याने सुरू होणारा, आर म्हणजे फक्त वाचायचा. डब्ल्यू म्हणजे वीक सिंबॉल, दुसरीकडे पक्की व्याख्या मिळाली तर मागे सरणारं नाव. सी प्लस प्लसमधली इनलाइन फंक्शन्स आणि टेम्प्लेट्स अशी दिसतात, त्यात काळजीचं काही नाही.

लायब्ररी बऱ्याच असतील तर एनएमला डॅश कॅपिटल ए द्या, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे फाइलचं नाव येतं. सोबत डॅश डॅश डिफाइन्ड, पुन्हा डॅश, ओन्ली दिलं की यू गळून पडतात. मग खुशाल ग्रेप करा.

अक्षरं बरोबर असूनही अडलं, तर नावाचं रूप तपासा. सी प्लस प्लस कंपायलर नावात पॅरामीटरचे प्रकार गुंफतो. दोन इंट घेणारं ‘ॲड’ लिनक्सवर अंडरस्कोर, कॅपिटल झेड, 3, ॲड, आय, आय असं साठवलं जातं. 3 ही नावातल्या अक्षरांची संख्या, दोन आय म्हणजे दोन इंट. लायब्ररी सी कंपायलरने बांधली असेल तर तिथे साधं ‘ॲड’ असतं, आणि लिंकरच्या लेखी ही दोन वेगळी नावं. डॅश कॅपिटल सी दिल्यावर फरक लगेच कळतो: एका बाजूला ‘ॲड’पुढे कंसात इंट, इंट, दुसऱ्या बाजूला कंसच नाही. उपाय म्हणजे हेडरमधलं डिक्लरेशन एक्स्टर्न सीच्या ब्लॉकमध्ये घालणं. (मॅकवर सीच्या नावापुढेही एक अंडरस्कोर असतो, तो बघून गोंधळू नका.)

कधी एनएम यादीऐवजी ‘नो सिंबॉल्स’ एवढंच म्हणतो, ते कोडं सोपं आहे. डॉट एसओ फाइलवर (शेअर्ड लायब्ररीवर) नावं काढून टाकणारी स्ट्रिप कमांड चालवली की नेहमीचा सिंबॉल टेबल जातो, पण डायनॅमिक टेबल राहतो, कारण प्रोग्राम सुरू होताना लोडरला तो लागतो. एनएम सवयीने पहिलाच बघतो. डॅश कॅपिटल डी द्या, यादी येईल. तसंही डॉट एसओशी लिंक करायचं असेल तर हाच टेबल महत्त्वाचा: व्हिजिबिलिटी हिडन ठेवलेलं, म्हणजे लायब्ररीबाहेर मुद्दाम लपवलेलं फंक्शन कोडमध्ये असलं तरी इथे दिसत नाही, आणि मग लिंकही होत नाही.

एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) लावून बांधलेल्या ऑब्जेक्ट फाइल्सवर साधा एनएम प्लगइन मागतो. तिथे जीसीसी-एनएम चालवा.

आणि यू, टी, नाव, सगळं जुळलं तरी तीच एरर? मग कमांडमधला क्रम बघा. डॉट ए, म्हणजे स्टॅटिक लायब्ररीपाशी पोचताना लिंकर त्या क्षणी अडलेल्या सिंबॉल्सपुरतेच तुकडे उचलतो आणि पुढे जातो. लायब्ररी आधी आणि तुमची ऑब्जेक्ट फाइल नंतर लिहिली, तर तेव्हा काहीच अडलेलं नसतं, म्हणून तो काहीच उचलत नाही. लायब्ररी शेवटी लिहा.