सासूबाई मोठा दिवा लावतात

पत्र : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही डेन्मार्कला, ऑरहूसला आलो. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी सात. इथल्या कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की जी ऊब जाणवते, ती आपल्या घरात का नाही, हे मला खात राहतं. या हिवाळ्यात मनावर घेतलं. मेणबत्त्या आणल्या, लोकरीची पांघरुणं आणली, दर शुक्रवारी दालचिनीचे रोल घरी करते. पण मुलगा ताटली उचलून खोलीत जातो. नवरा पांघरुणात शिरून लॅपटॉप उघडतो. तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई ‘तिन्हीसांजेला घरात काळोख कसला’ म्हणत छताचा मोठा दिवा लावतात. परवा मी मेणबत्ती फुंकून विझवली, तर रात्रभर अबोला. हे सगळं मी करतेय तरी कुणासाठी? – ऑरहूसची वाचक

उत्तर :

तुमच्या पत्रात मी दोन ठिकाणी अडखळले. एकदा दालचिनीच्या रोलपाशी आणि एकदा सासूबाईंपाशी.

आधी रोल. तुम्ही नोकरी करता की नाही हे लिहिलेलं नाही, पण शुक्रवारी साडेतीन-चारला मुलीला घेऊन यायचं, कणीक यीस्ट घालून मळायची, ती फुगेपर्यंत स्वयंपाक उरकायचा, लाटायचं, गुंडाळायचं, भाजायचं, आणि वर भांडी. रोल गरम गरम समोर येतात तेव्हा तुम्ही कुठे असता? मला वाटतं, ओट्यापाशी. घरातले चौघे चार दिशांना, आणि पाचवी उभी.

तुम्ही ज्याच्या मागे आहात त्या ‘ह्युगं’चं, म्हणजे आपल्या माणसांत निवांत बसण्यातल्या त्या डॅनिश उबेचं, एक क्रियापद आहे, ते तुम्ही भाषेच्या वर्गात शिकला असाल. ‘वि ह्युगर ओस’. त्यातला ‘ओस’ म्हणजे ‘आम्हाला’, आपलं आपल्यालाच. दुसऱ्याच्या घरी ह्युगं पोचवता येत नाही, वाढता तर मुळीच येत नाही. जो बसला त्याचं ते. २०१६ साली या शब्दाची इंग्रजी मुलखात अशी लाट आली की ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी त्याला वर्षातल्या शब्दांच्या यादीत घेतलं. मग दुकानांनी तो पायमोज्यांवर आणि मेणबत्त्यांवर छापला, आणि विकता येत नाही तेवढं मागे राहिलं.

माझी काही वर्षं कोपनहेगनला गेली. पहिल्या नोव्हेंबरात शेजारच्या बाईंनी बोलावलं. मी मनात ताट मांडूनच गेले होते : चार पदार्थ, आग्रह, ‘अजून एक घ्या’. टेबलावर होती राय नावाच्या धान्याच्या पावाची लादी, लोणी, चीज आणि बेकरीतून आणलेला केक, तोही कागदातच. ज्याने त्याने आपापलं कापून घ्यायचं. मी सवयीने दोनदा कपबशा उचलायला उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, ‘सिद नु नेड.’ आता बस खाली. मला तेव्हा जरा लागलंच. दोन तास त्या स्वतः जागच्या हलल्या नाहीत. भांडी शेवटी सगळ्यांनी मिळून धुतली, अगदी पाहुण्यांनीसुद्धा, आणि खरं सांगते, संध्याकाळातल्या सगळ्यांत चांगल्या गप्पा तिथे सिंकपाशी झाल्या.

म्हणून या शुक्रवारी रोल करू नका. कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणा. डॅनिश लोकही आणतात आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही. पोरांना तर शुक्रवारी रोल नकोच असतो, त्यांना हवा ‘फ्रेडास्लिक’. सुपरमार्केटात त्या गोळ्या-चॉकलेटांच्या खणांमधून छोट्या फावड्याने आपली आपली पिशवी भरायची, आठवड्यातून एकदाच. मुलीबरोबर सासूबाईंना पाठवा. त्या खारट लाक्रिस, म्हणजे ज्येष्ठमधाची गोळी, पहिल्यांदा तोंडात टाकतील तेव्हा मी तिथे असायला हवी होते.

आता त्यांच्याबद्दलच. तुम्हाला वाटतंय की त्या तुमच्या संध्याकाळीवर पाणी ओततात. मला उलट वाटतं. ज्यांना या गोष्टीतलं मूळ कळतं, अशा त्या तुमच्या घरात एकट्याच आहेत. डेन्मार्कच्या खेड्यांत जुन्या काळी एक रीत होती, ‘होल मॉर्कनिंग’, म्हणजे ‘काळोख पाळणं’. दिवस कलला की लगेच दिवा लावायचा नाही. तेल आणि मेण महाग. हातातलं काम खाली ठेवायचं आणि अंधुक उजेडात सगळ्यांनी नुसतं बसायचं, बोलायचं, गोष्टी सांगायच्या. मग दिवा लागायचा आणि पुन्हा कामाला. आपल्याकडची दिवेलागण याच घटकेची. सासूबाईंना अंधाराचा राग नाही. दिवा लावण्याची वेळ येते आणि ती कुणी पाळतच नाही, दिवा लागतो तो सजावट म्हणून, हे त्यांना खुपतं. मेणबत्तीला डॅनिश लोक ‘लेवेने ल्यूस’ म्हणतात, जिवंत उजेड. जिवंत म्हटल्यावर त्याच्यावर फुंकर मारावी का, हे तुम्हीच सांगा. आपल्याकडेही दिवा फुंकत नाहीत, तो ‘शांत’ करतात.

यावर तोडगा फार सोपा आहे आणि तोही डॅनिश घरांतच सापडतो. ‘ल्यूसेस्लुकर’ नावाची, लांब दांडीची पितळी टोपी असते. ज्योतीवर अलगद ठेवायची, ज्योत मावळते, आणि फुंकल्यावर उठतो तसा धुराचा लोटही उठत नाही. जुन्या वस्तूंच्या ‘गेनब्रूग’ दुकानांत अशा टोप्या अगदी स्वस्तात पडून असतात. एक आणा आणि सासूबाईंच्या हातात द्या. मेणबत्त्या पेटवायच्या कधी आणि शांत करायच्या कधी, हे खातं त्यांचं.

डिसेंबरात ऑरहूसला सूर्य पावणेचारच्या सुमाराला मावळतो. आठवड्यात त्या वेळी घरात सासूबाई बहुधा एकट्याच असतात, चार भिंती आणि बाहेर काळोख. साताऱ्याच्या असोत की नागपूरच्या, एवढ्या लवकर दिवस बुडालेला त्यांनी जन्मात पाहिला नसेल. मोठा दिवा लावणार नाहीत तर काय करतील! तेव्हा रविवार धरा. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार तिथे घरोघरी चार मेणबत्त्यांचं ‘अडवेंट्सक्रान्स’ मांडतात, दर रविवारी एक ज्योत वाढते. तीनला सगळे बैठकीत, दिवे बंद, खिडकीत जेवढा उजेड आहे तेवढाच. तो गेला की सासूबाईंनी पहिली ज्योत लावायची. ‘शुभंकरोति’ म्हणाल्या तर म्हणू द्या. ते बाहेरच्या लोकांना दाखवायला नाही.

छताच्या दिव्याचं म्हणाल तर चूक त्यांची नाही, दिव्याची आहे. तो बहुतेक पांढरा असणार. बल्बच्या खोक्यावर बघा, ४००० केल्विन किंवा जास्त असेल तर तो दवाखान्याचा उजेड. २७०० चा बल्ब घाला. पोल हेनिंगसेन हा दिवे घडवणारा डॅनिश गृहस्थ लहानपणी रॉकेलच्या दिव्यात वाढला होता, आणि विजेचा डोळ्यांत घुसणारा उजेड त्याला सोसवेना. आयुष्यभर तो दिव्यांच्या झाकणांशी झटापट करत राहिला. १९५८ चा त्याचा दिवा आजही तिथल्या कितीतरी घरांच्या जेवणाच्या टेबलावर लोंबताना दिसेल. तुम्हाला तो विकत घ्यायला नको, खिसा रिकामा होईल. त्यातली युक्ती तेवढी घ्या : दिवा खाली, टेबलापासून दोन फुटांवर, आणि बल्ब कुठूनही नजरेला न दिसणारा. टेबलावर उजेड, चेहऱ्यांवर त्याची झाक. मग सासूबाईंना गहू निवडायलाही दिसेल. आणि मेणबत्त्या लावल्या की नंतर खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, वात कापून बुटकी ठेवा. बंद घरात त्यांची काजळी साचते.

नवऱ्याचा लॅपटॉप. हे तुम्ही त्यांच्याशी बोलला आहात का? पत्रातून तसं वाटत नाही. पांघरूण आणलं, रोल आणले, पण ‘शुक्रवारी सहानंतर तो बंद कर’ हे वाक्य बोलायचं राहिलं असावं. ते बोला. उशीर करू नका आणि कुठल्या सजावटीआडून बोलू नका.

मुलगा जरा वेगळा. तेरा वर्षांच्या पोराला ‘ये, आपण सगळे एकत्र बसू’ म्हटलं की तो पळणार. तिथल्या शाळेत, तिथल्या भाषेत, दिवसभर तो कुणीतरी बनून वावरत असतो आणि खोलीत जाऊन ते अंगावरून उतरवतो. तेव्हा त्याला बोलावू नका, काम द्या. आजीला बदाम सात किंवा झब्बू खेळायला चौथा भिडू हवाय, एवढंच सांगा. आजी पत्ते लपवते, हे त्याला एकदा कळू दे. तुम्ही पाचव्या म्हणून सरबराई करत उभ्या राहू नका, पत्ते पाचांत वाटायला लावा. हरलात तरी उठायचं नाही.

आणि मुलीसाठी एक ‘कॅलेनरल्यूस’ आणा, २४ आकड्यांची मेणबत्ती. १ डिसेंबरपासून रोज एक आकडा जळेपर्यंतच ती पेटती ठेवायची. एवढ्या वेळात फोन सगळे बाहेरच्या खोलीत, बुटांच्या फळीवर. तिला रोज आठवण करायची जबाबदारी द्या. गप्पांच्या नादात दोन-तीन आकडे एकदम जळून जातील एखाद दिवशी, आमच्याकडे दरवर्षी जायचे, आणि मग ती ओरडेल, ‘आजी, टोपी ठेव, टोपी ठेव!’

सासूबाईंनी लाक्रिस गिळला की थुंकला, तेवढं कळवा.