इटलीत रेड वाइन कशी चाखावी आणि कशाबरोबर घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला एका टेस्टिंगमध्ये तीन-चार रेड वाइन चाखल्या आणि सगळ्या तुरट नाहीतर आंबट लागल्या. आता ऑक्टोबरात आठ दिवस तोरिनो (ट्यूरिन) आणि फ्लोरेन्स करताय, मिस्टर शाकाहारी आहेत, मग तिथे वाइनच्या वाटेला जावं की नाही? जावं. फक्त टेस्टिंगला जाऊ नका, जेवायला जा.

मी मूळची नगरची, तोरिनोत शिकायला आले आणि इथेच राहिले. पहिली बारोलो, म्हणजे इथली नावाजलेली तुरट रेड वाइन, भेट मिळालेली. ती मी होस्टेलच्या खोलीत, प्लास्टिकच्या ग्लासात, घरून आलेल्या लसणाच्या चिवड्याबरोबर प्यायले. जीभ पेटली आणि वर चुना फासल्यासारखी कोरडी पडली. बाटली मोरीत ओतणार होते, तेवढ्यात खोलीतली इटालियन मैत्रीण अक्षरशः ओरडली. दुसऱ्या दिवशी तिने घरून चीजचा तुकडा आणला आणि त्याच बाटलीतली उरलेली वाइन मला पाजली. मला वाटलं, बाटली बदलली.

तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जिभेचा ओशटपणा जातो. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जाड होते, तेच हे. तोंडात चीज, लोणी, अंडं, मांस असलं की टॅनिनला धरायला दुसरं काहीतरी मिळतं आणि वाइन मऊ लागते. मिरची नेमकी उलटं करते: अल्कोहोल तिची आग वाढवतं आणि तुरटपणा जास्तच बोचतो. आंबटपणाचंही तसंच. टोमॅटोच्या सॉसपुढे कमी आंबट वाइन पाणचट लागते. इटलीतल्या बहुतेक रेड वाइन ताटासाठीच घडलेल्या आहेत. त्या नुसत्या पिऊन नापसंत करणं म्हणजे चमचाभर लोणचं नुसतं खाऊन लोणच्याला नावं ठेवणं.

म्हणून माझी पद्धत साधी आहे. ग्लास पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरून रंग बघा, हलवून वास घ्या, एक घोट तोंडभर फिरवून गिळा. मत देऊ नका. मग एक घास, आणि मग दुसरा घोट. मत त्या दुसऱ्या घोटाचं.

तोरिनो म्हणजे पिएमोंते प्रांत, आणि इथे तीन द्राक्षं ओळखली की पुरे. दोल्चेत्तो नावाने ‘गोडुली’ असली तरी वाइन कोरडी असते, शेवटी कडू बदामाची झाक येते. सुरुवात हिच्यापासून करा. बार्बेरा आंबट, पण टॅनिन कमी, त्यामुळे तुमच्यासारख्यांना सगळ्यात लवकर आवडते. इथली लसूण-अँचोव्हीची गरम बान्या काउदा आणि बार्बेरा ही जोडी जुनी आहे (ती मिस्टरांना चालणार नाही, अँचोव्ही मासा आहे). तिसरं नेब्बियोलो. बारोलो आणि बार्बारेस्को याच द्राक्षाच्या. बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. रंग बघून फसाल: फिकट, विटकरी, वाटतं हलकीफुलकी असेल. वासात गुलाब आणि डांबर असतं असं इथले लोक सांगतात. मला गुलकंद आणि पावसाआधीचा रस्ता आठवतो. आणि तोंडात घेतली की खरी पकड कळते. हिच्यासोबत वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं बीफ, ब्राझातो, खातात. शाकाहाऱ्यासाठी त्याहून सोपी गोष्ट म्हणजे तायारिन: भरपूर अंड्याच्या बलकाच्या बारीक शेवया, लोण्यात घोळवलेल्या. अंडं चालत असेल तर हे चुकवू नका. ऑक्टोबरात आल्बा गावाकडच्या पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी) हंगाम असतो, वर किसून देतात, पण तो ग्रॅमवर मोजून लावतात, आधी भाव विचारा.

एक सावधगिरी: पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. मिस्टर त्याबाबत काटेकोर असतील तर आधीच बोलून घ्या.

फ्लोरेन्सला सांजोवेझे हे द्राक्ष. जवळच्या कियांती भागातल्या कियांती क्लासिको वाइनमध्ये हे किमान 80 टक्के असतं, बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा बघा. या भागाची हद्द फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने 1716 मध्ये आखून दिली होती. चव आंबट चेरीची, माझ्या जिभेला करवंदाची. टोमॅटो, ऑलिव्ह तेल, बीन्स, भाजलेली वांगी या सगळ्यांशी जमतं, म्हणजे मिस्टरांचं गाव हेच. तिथली प्रसिद्ध बिस्तेक्का गोमांसाची, किलोभराची आणि आतून लालच असते. खायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो निव्वळ सांजोवेझेची, महाग. पहिल्या फेरीत वगळली तरी बिघडत नाही.

बाकीचं थोडक्यात. सुकवलेल्या द्राक्षांची आमारोने मनुकांसारखी, 15 टक्क्यांच्या आसपास, जेवणानंतर चीजबरोबर अर्धा ग्लास बस्स. लाम्ब्रुस्को लाल, फेसाळ आणि थंड प्यायची. लोक नाक मुरडतात, पण तळलेल्या पदार्थांबरोबर मला तीच लागते.

आर्टिचोक ही भाजी आणि कच्ची बडीशेपेची गड्डी खाताना वाइन बाजूला ठेवा. इटालियनमध्ये फसवण्याला ‘इनफिनोक्यारे’ म्हणतात, शब्दशः ‘बडीशेप लावणं’. वाइन विकणारे गिऱ्हाइकाला आधी बडीशेप चारून हलका माल गळ्यात मारायचे, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. आपल्याकडे ती बिलासोबत येते, ते एक बरं.

वेटर थोडीशी ओतून थांबला तर वाइन आवडली का हे तो विचारत नसतो. बूच खराब होऊन ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय का, एवढंच बघायचं असतं. तो आला तर बिनधास्त परत करा. आवडली नाही म्हणून परत करता येत नाही, म्हणूनच पहिल्या दिवशी बाटली मागवू नका, ग्लास मागवा किंवा हॉटेलची हाउस वाइन पाव लिटर. ‘उन क्वार्तिनो दि रोस्सो’ म्हटलं की झालं.

येताना दोघांना प्रत्येकी दोन लिटर आणता येते, म्हणजे माणशी दोन बाटल्या. त्यातली एक तरी बार्बेरा घ्या, वरण-भात-तुपाबरोबरसुद्धा चालते, मी करते. आणि सांजोवेझेच आवडली तर इटलीतून ओझं आणू नका, ते द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही लावलंय.