वाचक विचारतात : प्रतिभाताई आणि मताचं गणित

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचा परिचय रंगवायचा आहे. पदांच्या क्रमात दरवेळी घोळ होतो. नेमका क्रम सांगाल का? (एक शिक्षिका, बोदवड)

उत्तर : जन्म १९ डिसेंबर १९३४, नाडगाव, म्हणजे तुमच्याच तालुक्यातला. एम.ए. जळगावच्या एम. जे. कॉलेजातून, कायद्याची पदवी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून. पहिली आमदारकी १९६२ ची, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि ती जळगावातून. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. पाचही वेळा ‘एदलाबादच्या आमदार’ असं सरसकट लिहून टाकतात. एदलाबाद (आताचं मुक्ताईनगर) सुरू होतं १९६७ पासून. पुढे १९७२, १९७८ आणि १९८० धरून तिथून चार वेळा. १९६७ मध्ये उपमंत्री, १९७२ मध्ये कॅबिनेट मंत्री. १९७९-८० मध्ये काही महिने विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. हे पद परिचयातून हमखास गळतं.

१९८५ ला राज्यसभा, तिथे नोव्हेंबर १९८६ ते नोव्हेंबर १९८८ उपसभापती. ‘उपाध्यक्ष’ लिहू नका, ते लोकसभेत असतात. १९९१ ची लोकसभा मात्र अमरावतीची : माहेर खानदेश, सासर अमरावती. नोव्हेंबर २००४ ते जून २००७ राजस्थानच्या राज्यपाल आणि २५ जुलै २००७ पासून पाच वर्षं देशाच्या बाराव्या राष्ट्रपती. भिंत लहान असेल तर खाती गाळा, मतदारसंघ गाळू नका.

प्रश्न : २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत प्रतिभाताईंना ६,३८,११६ मतं पडली असं पुस्तकात आहे. मतदार तर पाच हजारही नव्हते! (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : तो आकडा मतांच्या मूल्याचा. मतदार होते ४,८९६ : ७७६ खासदार आणि ४,१२० आमदार. आमदाराच्या मताचं मूल्य काढायचं तर राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचं. महाराष्ट्राचं करून बघा : ५,०४,१२,२३५ भागिले २८८, म्हणजे १,७५,०४२, हजाराने भागल्यावर १७५. बाकी पाचशे किंवा त्याहून जास्त राहिली तरच एक वाढवायचा.

सगळ्या राज्यांच्या आमदारांचं एकूण मूल्य भागिले निवडून आलेले खासदार, की खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. २००७ मध्ये ते ७०८ होतं. जम्मू-काश्मीरची विधानसभा नसल्यामुळे २०२२ मध्ये ७०० वर आलं. त्या हिशोबाने जळगाव जिल्ह्याचे ११ आमदार मिळून १,९२५, म्हणजे पावणेतीन खासदार!

मुलं चुकतात तीन ठिकाणी. ताजी जनगणना घेतात, विधान परिषदेचे ७८ सदस्य धरतात आणि नामनियुक्त खासदारही मोजतात. या दोघांना या निवडणुकीत मतच नाही.

समोर होते भाजपच्या पाठिंब्यावर लढलेले तेव्हाचे उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत, ३,३१,३०६ मूल्याची मतं घेऊन. गंमत अशी की प्रतिभाताईंच्या यजमानांचं आडनावही शेखावतच. शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत असूनही तिने मत प्रतिभाताईंनाच दिलं.

प्रश्न : प्रतिभाताई खरंच लढाऊ विमानात बसल्या होत्या का? (चोपडा)

उत्तर : हो. २५ नोव्हेंबर २००९, पुण्याचा लोहगाव तळ, सुखोई-३०, सुमारे अर्धा तास. पंचाहत्तरी पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. मागच्या आसनावर बसल्या होत्या, त्यामुळे ‘विमान चालवलं’ असं लिहू नये.

प्रश्न : ‘राष्ट्रपती’चं स्त्रीलिंग काय? (शिरपूर)

उत्तर : वेगळं नाही. पदनाम तेच राहतं, क्रियापद बदलतं : ‘राष्ट्रपती आल्या’. ‘राष्ट्रपत्नी’ तर चुकूनही नको.