बालपण खडतर गेलंय? सुरुवातीला एवढंच करा

तुम्ही मार खात वाढलात म्हणून तुम्हीही तसेच आई-बाप व्हाल, असं अजिबात नाही.

आधी स्वतःच्या रागाची खूण ओळखा: जबडा आवळतो, आवाज चढतो, छाती धडधडते. ती जाणवली की "दोन मिनिटांत येते" असं सांगून बाजूला व्हा आणि वेळेत परत या. (तान्हं असेल तर पाळण्यात सुरक्षित ठेवून.) न सांगता गेलात तर मुलाला ती शिक्षा वाटते.

याहून महत्त्वाचं म्हणजे, ओरडलात तर त्याच दिवशी नातं पुन्हा सांधा. "मी ओरडले, ती माझी चूक होती." बस. पुढे "पण तू पण..." जोडलं की माफी वाया. बालविकासाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या अभ्यासातही आई-बाळाचे सूर बराच वेळ जुळलेले नसत. ते पुन्हा जुळणं मोलाचं.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे दुसरं टोक: आपण सोसलं, म्हणून मुलाला 'नाही' म्हणायचंच नाही. मग त्याच्या बुटाची नाडीही आपणच बांधतो आणि त्याला धडपडायची सवय होत नाही. दोन-तीनच नियम ठेवा, पण ठाम. रडलं तर जवळ बसा, नियम बदलू नका.

जुन्या आठवणींनी झोप उडत असेल तर समुपदेशक गाठा. मुलाला त्या ऐकवू नका.