कंबर आधी सांभाळ

अगं, नवीन नर्स कुरकुरते पायांवरून, पण खरी वाट लागते ती कमरेची. पेशंटला वर सरकवायचं असेल तर आधी बेड आपल्या कमरेइतका उंच कर, चाकांचे ब्रेक लाव, गुडघ्यात वाक आणि मगच जोर लाव. कमरेतून वळू नकोस, पाऊल फिरव. जड पेशंटला एकटीने हात लावायचाच नाही, कोणी कितीही घाई करो! स्लाइड शीट, म्हणजे पेशंटला सहज सरकवायची गुळगुळीत चादर, असेल तर हक्काने माग. लघवी दाबून ठेवायची खोड आपल्यात फार, ती लावून घेऊ नकोस. आणि पेशंटला वापरलेली सुई आपल्याला टोचलीच तर ती जागा पिळत बसू नकोस. साबण-पाण्याने धू, लगेच इन्चार्जला कळव. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, पहिल्या काही तासांत तर उत्तमच.