आधी कागद वाचू दे, मग सही

पोरी,

रविवारी तू आलीस तेव्हा विमानात वरच्या कप्प्यातली बॅग खांद्यावर पडली म्हणून एक हात स्लिंगमध्ये आणि दुसऱ्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद कोंबलेले. तासभर एकच विचारत होतीस, काका, एअरलाइनकडून भरपाई मागायला वकील कोणता करू. मी तेव्हा नीट बोललो नाही, रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय.

तुझ्याकडे तीन नावं आहेत. त्यातला तो फोनवरचा, फी नको, भरपाई मिळाली की 30 टक्के द्या म्हणणारा, त्याचं नाव आजच खोड. निकालावर फी ठरवायची नाही, भरपाईत वाटा घ्यायचा नाही हा बार कौन्सिलचा नियम आहे, आणि हा माणूस पहिल्याच फोनला तो मोडतोय. राहिले दोघं. हायकोर्टातले मोठे साहेब 'बघू, करू' म्हणाले आणि बाबांच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी मेहुण्याने थेट वकालतनामाच, म्हणजे त्याला केस सोपवायचा सहीचा कागद, व्हॉट्सअॅपवर पाठवला. तुझे कागद किती जणांनी वाचले? एकानेही नाही ना? मग सही नाही. कागद न वाचणाऱ्याला सही द्यायची नाही, नाव कितीही मोठं असो.

माझं तुला कधी सांगितलं नव्हतं. 2013 मध्ये मस्कतहून परत येताना पाऊस होता, विमानाची शिडी ओली, पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. वकील नात्यातला, माणूस चांगला, जमिनीच्या केसेसमध्ये मुरलेला. ठाणे कोर्टाबाहेर गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी डाव्या हाताने सही केली. तो म्हणाला घाई नको, तीन वर्षं असतात. साध्या दाव्यांना असतात, पण परदेशातून येणाऱ्या विमानात किंवा चढता-उतरताना इजा झाली तर कॅरेज बाय एअर कायदा लागतो, त्यात माँट्रियल करार आहे, विमानप्रवाशांच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार, जो भारताने 2009 मध्ये स्वीकारला, आणि तिथे मुदत दोनच वर्षं, विमान मुक्कामाला पोचलं त्या दिवसापासून. त्याने माझं तिकीट एकदा जरी मागून पाहिलं असतं तरी त्याच्या लक्षात आलं असतं. मुदत गेल्याचं मला कळलं 2016 मध्ये, दुसऱ्या वकिलाकडून, पाच मिनिटांत.

लोक म्हणतात तू स्वतः का नाही वाचलंस. अरे, हाताला प्लास्टर, घरात आईचं डायलिसिस, ऑफिसला रजा नाही, माणूस वकील करतो ते कशासाठी? मी निष्काळजी नव्हतो, हे मी आजही कोणालाही सांगेन. चूक एवढीच की कागद न वाचणाऱ्याला सही दिली. आणि वकिलाने घोळ घातला तर त्याच्यावर ग्राहक आयोगात जाईन असं मनात आणू नको, मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वाट बंद केलीय.

वाचणारा लगेच ओळखू येतो, तो आकडा सांगत नाही, प्रश्न विचारतो. वरचा कप्पा कोणी उघडला, बॅग कोणाची, क्रूने काही लिहून घेतलं का, उतरल्यावर पहिल्या डॉक्टरने काय लिहिलं, खांदा आधीपासून दुखायचा का. कारण कायद्यात अपघात म्हणजे बाहेरून अचानक घडलेली गोष्ट, आपल्याच शरीराचं जुनं दुखणं नव्हे. युरोपात एका लहान मुलीच्या अंगावर विमानात गरम कॉफी सांडली, का सांडली ते शेवटपर्यंत कळलं नाही, तरी तिथल्या कोर्टाने 2019 मध्ये तो अपघातच धरला. तुझ्यावर तर चक्क बॅग पडलीय. ठरलेल्या मर्यादेपर्यंत एअरलाइनला 'आमची चूक नव्हती' असंही म्हणता येत नाही, पण खर्च आणि इजा तुला दाखवावी लागते, पुन्हा कागदच. आणि नुसत्या मनस्तापाचे पन्नास लाख काढून देतो म्हणणारा भेटला तर उठून ये, माँट्रियल करारात शरीराची इजा लागते.

तुला कोणी सांगितलं की सिंगापूरला खेटे घालावे लागतील? तू ऐरोलीत राहतेस, तिकीट मुंबईहून मुंबईला परतीचं, केस इथेच चालते. ग्राहक आयोग बेलापूरला कोकण भवनात आहे, तिथे वकिलाशिवायही उभं राहता येतं, वाईट वकील गळ्यात घेण्यापेक्षा मी ते बरं म्हणेन. आणि एअरलाइनचं ते व्हाउचरचं मेल, त्यात खाली 'संपूर्ण व अंतिम' अशा अर्थाची, म्हणजे पुढे काही मागणार नाही अशी, ओळ आहे, त्याला वाचल्याशिवाय ओके म्हणू नको. सारखं तेच सांगतोय, रागावलीस तरी चालेल.

माझा तेव्हाचा बोर्डिंग पास अजून कपाटात आहे. कोरा पांढरा. थर्मल कागद असतो तो, अक्षरं उडून गेली, नाव नाही, सीट नाही, तारीख नाही. तुझा मी रविवारी पाहिला, सीट नंबर आत्ताच फिका पडलाय. आज रात्री फोटो काढ, उद्या दोन झेरॉक्स. लॅमिनेशन अजिबात करू नको, उष्णतेने तो काळा पडतो. शनिवारी पिशवी घेऊन ये, तारखेप्रमाणे लावू, मग तो गठ्ठा घेऊन आपण दोघं त्या हायकोर्टवाल्यांकडे जाऊ आणि ते वाचेपर्यंत समोर बसून राहू.

तुझा काका
नेरूळ